राणीचा आकडा

८ एप्रिल १९९२

साहेबांनी आकडा खोडायला सांगितलं. नाही खोडणार!

स्तनात गाठ झालेल्या कुत्र्यांच्या रक्तात एलडीएच हे एन्झाइम वाढतं का, एवढंच मी पाहते आहे. तुलनेला निरोगी कुत्र्या हव्यात. त्यात साहेबांची लाडकी पॉमेरेनियन, राणी. साहेब म्हणजे आमच्या या जळगावच्या जनावरांच्या दवाखान्याचे प्रमुख. राणीचाच आकडा वर गेला — गाठवाल्यांइतका.

"गाठ कुठंय? दाखवा ना मॅडम!" — सगळ्यांसमोर. मग, "उन्हानं सँपल नासलंय. काढून टाका."

नासलं की सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, लाल होतं. हे गव्हाच्या काडासारखं पिवळं होतं.

९ एप्रिल

पुन्हा रक्त काढलं. लगेच तपासलं. आकडा तोच!

शिपाई हिलालभाऊंनी राणीला धरलं होतं. "ताई, साहेबनी कुत्री शे. तिले आजारी म्हनशात ते बदली धुळे!"

धुळ्यातही कुत्री आहेत, म्हटलं.

२ मे

अहवालात राणीचा आकडा ठेवला. साहेब सही करत नाहीत. सही नाही तर पुढचं कामही बंद.

शिवाय "स्तन" शब्द खटकतो त्यांना. "बाईमाणसानं जरा जपून लिहावं. 'कास' लिहा." कास गाईला असते, म्हटलं. हिलालभाऊ फाईल घेऊन बाहेर पळाले — हसायला.

शब्द बदलणार नाही. आकडाही नाही.

१३ मे

सही नाही.

११ जून

दवाखाना उघडायच्या आधी साहेब दारात. राणी कडेवर.

डावीकडे, चौथ्या सडाखाली — ज्वारीच्या दाण्याएवढी. माझं बोट थांबलं तसे ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"तुम्हीच कापा," म्हणाले. 'मॅडम' म्हणाले नाहीत.

२६ जून

गाठीचा रिपोर्ट आला. कर्करोगच. पण पूर्ण निघाला आहे. राणी जेवते. काल साहेबांना चावलीसुद्धा.

साहेब आता सही करायला तयार! पण वर मोठ्या अक्षरांत हवं — "गाठ दिसण्याआधीच निदान". एका कुत्रीवरून? नाही लिहिणार. "अहो, तुमचंच नाव होईल!" होऊ दे नाहीतर न होऊ दे. एक कुत्री म्हणजे पुरावा नव्हे.

चिडून का होईना, सही केली.

२७ जून

राणीला निरोगींच्या तक्त्यातून आजारींच्या तक्त्यात घेतलं.

"शेवटी काढलातच ना आकडा!" — साहेब.

काढला नाही. हलवला.

२८ जून, रविवार

राणी आजारींत गेल्यावर निरोगींच्या तक्त्यात सर्वांत मोठा आकडा चिमीचा. इतके दिवस राणीपुढे तो माझ्या डोळ्यांत भरलाच नव्हता. चिमी आमची, वरणगावच्या घरची.

सकाळच्या गाडीनं घरी आले. चप्पल न काढता ओट्यावरच बसले, एकेक सड तपासला. तिला वाटलं, लाड करते आहे.

बोटांखाली काही नाही.

उद्या पुन्हा रक्त काढते.