सहा पेपरांचा गठ्ठा

३ फेब्रुवारी, सोमवार

तिसऱ्या तासाला मुख्याध्यापिका सिस्टरांनी बोलावलं. पडताळणीचा कागद पुढे सरकवला. माझं बी.एड. ज्या विद्यापीठाचं, त्याला मान्यता नाही. कधीच नव्हती! "बसा, टीचर." नऊ वर्षांत पहिल्यांदा बसा म्हणाल्या.

चौथ्या तासाला सातवीला कविता शिकवली.

४ फेब्रुवारी

प्लासिडला सांगितलं. त्याने आधी जेवण संपवलं. मग — "बी.एड. झालीस म्हणून चर्चमध्ये शाल दिली होती ना तुला? परत मागतील काय?" हसला. नवरा आहे.

दोन वर्षं अभ्यास केला. पेपर घरी लिहून द्यायचे होते. मी पुस्तकं मिटून, घड्याळ लावून लिहिले. बालमानसशास्त्रात चौऱ्याहत्तर मिळाले. ते मी सगळ्यांना सांगत फिरले!

५ फेब्रुवारी

मनवेलपाड्याला गेले. बी.एड.च्या अभ्यासकेंद्राची पाटी उतरवलेली. चालक निमिष सर खोकी भरत होते. "मॅडम, टेन्शन कशाला घेता? दुसऱ्या युनिव्हर्सिटीचं करून देतो. मार्क किती पाहिजेत, बोला!"

जिन्यात रद्दी. तीत माझा गठ्ठा — सहाही पेपर. सुतळीला बाबांची गाठ. गिरीज गावी आमच्या वाडीत केळीच्या पानांचे भारे ते असेच बांधत. आमच्या घराबाहेर ती कुणाला जमत नाही. मी मारली तशीच होती.

"उघडलेसुद्धा नाहीत?"

"अहो मॅडम, वाचतंय कोण!"

गठ्ठा उचलून आणला. तेवढ्यासाठी मात्र त्यांनी सही मागितली.

६ फेब्रुवारी

स्टाफरूममध्ये सँड्रा, भिंतीकडे बघून — "आम्ही आपले रोज कॉलेजला जायचो, बाई."

सिस्टर म्हणाल्या, "लिहून द्या. त्या विद्यापीठाने फसवलं, पण अभ्यास पूर्ण केला आहे, शिकवायला पात्र आहे. उद्या कमिटी बसतेय. नोकरी जाऊ देणार नाही मी."

पत्र लिहिलं. चार ओळी. खोटं एक अक्षर नाही. मी फसले, फसवलं नाही — एवढं तरी माझं आहे!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेत जाण्याआधी गाठ सोडली. लाल पेन घेतलं. मुलांचे तपासते तसेच तपासले. पास चाळीसला. पाच पेपर पास झाले.

बालमानसशास्त्र — एकतीस.

पुन्हा तपासला. एकोणतीस.

पत्र दिलं नाही.