मात्रेसकट बारा इंच

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्यांची नियमावली लिहायचं काम व्यापारी संघाने माझ्यावर सोपवलं. एकमताने. दुसऱ्या कोणी हातच वर केला नाही, असं ही म्हणते. बायकोला राजकारण कळत नाही. मापातलं शिंप्याइतकं कोणाला कळतं?

४ फेब्रुवारी
समोर मेहुण्याचं 'चष्माघर'. अक्षरांच्या डोक्यावर भलाथोरला चष्मा रंगवलाय. गिऱ्हाईक माझ्याकडे यायला निघतं आणि आधी तिकडे बघतं. नियम ३ लिहिला: मजकुराची उंची बारा इंच, सर्वांत वरच्या टोकापासून सर्वांत खालच्या टोकापर्यंत, अक्षराला जे काही चिकटलं असेल त्यासकट. अपवाद नाही. खाली रेघ मारली. यात वैयक्तिक काही नाही.

९ फेब्रुवारी
पालिकेने नियमावली जशीच्या तशी मंजूर केली! २० तारखेला परवाना खात्यातल्या बाई स्वतः मोजायला येणार. मापात न बसणारी पाटी जागच्या जागी उतरवणार. ही सूचना माझीच. हिने विचारलं, आपली मोजलीत का? मी हसलो. शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत बरोबर बारा.

१२ फेब्रुवारी
मेहुण्याने चष्मा पुसून टाकला. तासाभरात. वर मलाच चहा पाजला. 'चष्माघर'ला आता वर काही नाही, खाली काही नाही. सपाट माणूस, सपाट नाव. उठताना त्याने सहज विचारलं, भाऊजी, तुमच्या 'कौ'वरच्या मात्रा अक्षराला चिकटलेल्याच आहेत ना?

१२ फेब्रुवारी, दुपार
'कौतुक टेलर्स'. वर मात्रा, रफार. खाली उकार. मोजलं. एकवीस इंच. टेप आटली असेल. नवीन आणली. एकवीसच.

१३ फेब्रुवारी
घाबरण्यासारखं काही नाही. छातीत जरा धडधडतंय, ते जिना चढल्यामुळे. पेंटरकडे गेलो. महिनाअखेरीपर्यंत त्याला मान वर करायला वेळ नाही, सगळ्या बाजाराच्या पाट्या त्याच्याकडेच आहेत. नियमावलीबद्दल त्याने माझे मनापासून आभार मानले.

१६ फेब्रुवारी
परवाना खात्यात गेलो. मात्रा हे अक्षर नसून दागिना आहे, असं बाईंना पटवून दिलं. बाईंनी विचारलं, नियम लिहिला कोणी? मग मलाच मोठ्याने वाचायला लावला. रेघेसकट.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
संघाची बैठक. मात्रांना सूट मागितली. सगळे म्हणाले, आधी तुम्ही उदाहरण घालून द्या. माझ्या बाजूने एकच हात वर झाला. मेहुण्याचा.

१९ फेब्रुवारी
प्लॅन तयार. पाटीच्याच निळ्या रंगाने मात्रा, रफार, उकार झाकायचे. तात्पुरते. तपासणी झाली की पेंटर पुन्हा काढेल. शिडी हिने धरली. 'कौतुक' हे नाव तुमच्या आईंनी हौसेने ठेवलं होतं, एवढंच म्हणाली. उकारावर ब्रश फिरवताना वाईट वाटलं, उगाच खोटं कशाला लिहू? पण सुंठेवाचून खोकला जातोय.

२० फेब्रुवारी
पास! बाईंनी स्टीलची टेप लावली. बरोबर बारा. फोटो, शिक्का, सही. अशी साधी पाटी बाजारात दुसरी नाही, म्हणाल्या. ही मात्र आत जाऊन बसली.

२३ फेब्रुवारी
पालिकेचा कागद आला. दुकानाचं नाव: 'कातक टलस'. खाली बारीक टायपात नियम ११: मंजूर पाटीत पाच वर्षं कोणताही बदल करता येणार नाही. भाषा ओळखीची वाटली. माझीच होती. मेहुण्याने उद्या पुन्हा चष्मा चढवू नये म्हणून घातला होता. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, नियम फार काळजीपूर्वक लिहिलाय हो, कुठे फटच नाही.

२७ फेब्रुवारी
सकाळी एक बाई कापड घेऊन आल्या. पाटी वाचली. पुन्हा वाचली. पायरीखालूनच मला विचारलं, इथे कौतुक टेलर्स होतं ना? बहिणीने पाठवलंय, माणूस मापाचा अगदी पक्का आहे म्हणते. मीच तो, असं तोंडावर आलं होतं. मग पाटीचं सगळं सांगावं लागलं असतं.
म्हटलं, उठून गेलं बहुतेक.