तक्ता पाठ करणारं घराणं

आदरणीय जावईबापूंना,

सासूकडून पोटभर आशीर्वाद. तुमची, माझ्या लेकीची आणि तुमच्या बसची तब्येत ठणठणीत असेल अशी आशा करते. (बसचं आधी विचारणार होते, पण तुमची कन्या म्हणाली, बरं दिसत नाही.) इकडचं विचाराल तर मी मजेत आहे, असं लिहायला सांगितलंय, खरं काय ते पुढे येईलच. मला अक्षरओळख नाही हे तुम्ही जाणताच. सुट्टीला आलेली तुमची बारा वर्षांची कन्या लिहितेय, मी बोलतेय. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, आगाऊपणा माझा.

तर झालं असं. मी आमच्या शिंपीदादांकडे काज-बटणाचं काम करते. मागे एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला मी दोन्ही बाजूंनी काजं केली. सहा इकडे, सहा तिकडे, टाके असे बारीक की बघत राहावं. बटण लावायला जागाच नाही! गिऱ्हाईक आरशासमोर बराच वेळ खटपट करत होतं. बिचाऱ्याला वाटलं, आपल्यालाच जमत नाहीये. शिंपीदादा रागावले नाहीत. (रागावले असते तर बरं झालं असतं, मला उत्तरं द्यायला आवडतं.) त्यांनी माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि म्हणाले, "मावशी, आधी डोळे तपासून या."

आता डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो म्हणे. चारचौघांत 'मला वाचता येत नाही' म्हणायची माझी तयारी नव्हती. म्हणून आदल्या दिवशी तुमच्या कन्येला पुढे धाडलं. ती तिथल्या बाकावर बसून लोकांनी म्हटलेल्या ओळी ऐकून आली आणि संध्याकाळभर माझ्याकडून घोकून घेतल्या. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्याबरोबर मी वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता धडाधडा म्हणून टाकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा आजी! पण मी अजून दिवा लावलेला नाही." सगळे हसले. मीही हसले, न हसून सांगते कुणाला? मग बाईंनी दुसराच तक्ता लावला. त्यावर नुसत्या फण्यांसारख्या खुणा. फणीचे दात कुठल्या बाजूला, एवढं बोटाने दाखवायचं. म्हणजे माझ्यासारखीची सोय आधीपासून होती, खटाटोप सगळा फुकट! उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला.

"आलीच आहे तर मुलीचेही बघू," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, लहान पोरीच्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तर बाहेर बाकावर थांबलेली ही आत येऊन खुर्चीत बसली आणि घडाघडा अक्षरं म्हणू लागली. समोर टांगलेल्या फण्या, आणि ही अक्षरं म्हणतेय! (आजी, हे लिहायलाच हवं का? – हो, लिही.) दोन्ही डोळ्यांना अडीचचा नंबर निघाला. दोन वर्षं पोर फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवत होती, आणि आपण प्रगतिपुस्तक बघून तिला ढ म्हणत होतो. (मीसुद्धा. लिही, मीसुद्धा.) बाई म्हणाल्या, मुलं सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. वर्षातून एकदा तपासायचं, मोठ्यांनीही, दुखत-खुपत नसलं तरी.

मी हिला विचारलं, "ही लबाडी कुणी शिकवली गं तुला?" मी ओरडायच्या तयारीत होते. ही खाली मान घालून म्हणाली, "बाबा लायसन्सच्या वेळी असंच करतात. आई पाठ करून घेते."

जावईबापू, माझ्या डोळ्यांनी एक शर्ट बिघडवला. तुमच्या पाठीमागे बेचाळीस माणसं बसतात.

बाकी सर्व क्षेम. कन्येचा चष्मा आला, छान दिसतो. लेकीला म्हणावं, तुझ्याशी वेगळं बोलणार आहे.

तुमची,
सासू

ता. क. गुरुवारी सकाळी अकराला तुमचा नंबर लावलाय. येताना बस चालवत येऊ नका, बसमध्ये बसून या. डेपोत सांगा, सासू आजारी आहे. ती नेहमीच असते. आला नाहीत तर तुमची कन्या हेच पत्र तुमच्या साहेबांना वाचून दाखवणार आहे. (बाबा, मी नाही दाखवणार.) आणि माझ्या मोतीबिंदूची काळजी करू नका. ऑपरेशनला घाबरायचं काय असतं? पाच-दहा मिनिटांचं काम.

ता. क. बाबा, हे आजीने सांगितलेलं नाही. ऑपरेशनची तारीख घ्यायला ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच परत आली. म्हणते, जावई बरोबर असले तर आत जाईन. तुम्हाला कसली भीती वाटते ते आईने मला सांगितलंय. म्हणून मी डॉक्टरीणबाईंना तुमचं नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, चष्मा लावून बस चालवणारे पुष्कळ आहेत.