केळीच्या डागांचा एप्रन

निमगाव सावा,
७ जून २०२५

लंकामावशींना नूतनचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. म्हशीला पारडी झाली. आमच्या भगवंतभाऊजींचा गुडघा नेहमीसारखाच, काम दिसलं की दुखतो. तुमचा हात कसा आहे? बोटं पूर्ण मिटतात का आता?

परवा गोरखचा फोन आला होता. म्हणाला, "सोळा तारखेला शाळा उघडतीया. सरांनी आईला परत सैपाकाला बोलावलंय. तिलाबी जायचंय, पण चुलीम्होरं बसली की थरथरती. तुमी वाचवलं तिला, तुमचंच ऐकंल ती. दोन शब्द सांगा." मी "सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. ते दोन शब्द फोनवर जमणारे नाहीत. हे पत्र तुम्हाला गोरखच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. तरीही लिहिते.

आधी एक बातमी सांगते, ती माझ्या पोटात मावत नाही.

महिनाभर भाऊजींच्या केळीच्या बागेत राजनंदिनी नावाची मुलगी येते आहे. पुण्याच्या कॉलेजात कापडावर अभ्यास करते. घड उतरवल्यावर आपण खोड तोडून बांधावर फेकतो ना, ती नेमकं तेच मागत होती. भाऊजींना वाटलं, पोरीला ऊन लागलं. ती खोडं ठेचायची आणि त्यांचं पाणी पिळून ड्रममध्ये भरायची. घरात बसून काय करायचं म्हणून मीही मदतीला लागले. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या, आणि शेवटी सोडा घातलेल्या केळीच्या पाण्यात बुडवायचं. हिरड्याची गोणी तुमच्याकडचीच, डिंभ्याच्या बाजूने आलेली. तोंड सोडलं आणि मला तुमच्या पडवीचा वास आला.

मावशी, फ्रॉकवर केळीच्या चिकाचा डाग पाडला म्हणून मी लहानपणी आईचा मार खाल्लाय. जन्मात निघत नाही तो. आणि ही मुलगी अख्खं कापड त्यातच घालत होती. वाळल्यावर कापडाला बिनदुधाच्या चहाचा रंग आला. मी मनात म्हटलं, वाया गेलं.

मंगळवारी सकाळी तिने गोठ्यामागे तार बांधली आणि दोन पट्ट्या लटकवल्या, एक साधी आणि एक आमची. साध्या पट्टीला काडी लावली. ती कशी गेली ते तुम्हाला सांगायला नको. चार-पाच श्वासांत वरपर्यंत गेली, तारेवर नुसती राख राहिली. मी तोंड फिरवलं होतं. मग राजनंदिनीने काडीपेटी माझ्या हातात दिली.

आमच्या पट्टीला मी ज्योत लावली. ती धरली, बोटभर वर आली आणि थांबली. कुणी फुंकर मारली नाही, पाणी मारलं नाही. आपली आपण विझली. लाल कड जराशी सरकत राहिली, मग तीही काळी पडली. वरचं कापड तसंच्या तसं लटकत होतं. मी दुसरी पट्टी घेतली, मग तिसरी. अकरा पट्ट्या पेटवल्या मी, मावशी, आणि अकराही वेळा आग मागे फिरली. माझे हात आपोआप जोडले गेले.

भाऊजी गुडघा विसरून धावत आले. म्हणाले, "घोंगडं असंच इझतं, ते आमाला ठावं व्हतं. पण सुती कापडाला ही अक्कल कुनी दिली? लई झालं हे."

राजनंदिनी मात्र म्हणाली, "ताई, हे जळतच नाही असं समजू नका. मोठ्या आगीपुढे टिकणार नाही. पण ज्योत लगेच पसरत नाही. माणसाला वेळ मिळतो."

वेळ हा शब्द ऐकला आणि मी तिथेच खाली बसले.

गोरख, इथे थांबू नकोस बाळा. पुढचं आईला नीट वाचून दाखव.

त्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरात गॅस संपला म्हणून आपण दोघींनी चूल पेटवली. तुम्ही भाताचं पातेलं उतरवायला वाकलात आणि पदर पेटला. भरलेली बादली माझ्या पायाशी होती. मी ती उचलली नाही. मी पळाले, थेट हँडपंपापर्यंत. परत आले तेव्हा तुम्ही ओल्या गोणपाटांवर पालथ्या पडला होता आणि आग विझली होती. तुम्हीच लोळून विझवली होती. मग मी बादली उचलली आणि तुमच्यावर ओतली. लोक आले तेव्हा माझ्या हातात रिकामी बादली होती. त्यांनी तेवढंच पाहिलं.

पंधरा ऑगस्टला सरांनी मला शाल आणि नारळ दिला. तुम्ही दवाखान्यातून सांगून पाठवलंत, "नूतननं वाचवलं." मी बादली ओतली तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते की उघडे, हे मी दोन वर्षं स्वतःला विचारते आहे. यांचं कालव्यावरचं काम संपलं म्हणून आम्ही निमगावला आलो हे खरं, पण मी तुम्हाला भेटायला आले नाही त्याचं कारण ते नव्हे.

म्हणून माझे दोन शब्द एवढेच, की त्या आगीतून तुम्ही स्वतःच्या अकलेने बाहेर आलात. चुलीपुढे भीती वाटली तर माझी नाही, स्वतःची आठवण काढा.

सोबत एप्रन आहे. मी शिवलाय, आणि त्याच कापडाच्या चिंध्या आधी पेटवून पाहिल्यात. डागाळलेला दिसेल. तुम्ही नवं कापड धुतल्याशिवाय अंगाला लावत नाही, मला माहीत आहे, पण हा धुऊ नका. साबणाने त्याचा गुण उतरतो, मग पुन्हा बुडवावा लागतो. त्यासाठी थोडा हिरडा बाजूला ठेवा. बुडवायला मी स्वतः येत जाईन. नको म्हणालात तर येणार नाही, एप्रन मात्र पाठवत राहीन.

सोळा तारखेला सकाळच्या एसटीने निघते. तिकडच्या गाड्यांचा भरवसा नाही. उशीर झाला तर माझ्यासाठी थांबू नका, चूल पेटवा. मी आले की बादली भरून घेईन आणि आत बसेन, दाराकडे पाठ करून.

तुम्हाला जिने वाचवलं नाही,
ती तुमची
नूतन