गाळ घट्ट होईना

ता. १८ जाने. १९६५, रामनगर
परवा ओतलेले गाळाचे ठोकळे आज साच्यातून काढले. बोट दाबलं की आत जातं. विजेच्या लाकडी खांबांना वाळवीचं औषध पाजून टाकीत विषारी गाळ उरतो. तो सिमेंट-चुन्यात कालवून दगडासारखा करायचा आणि ओढ्यावरच्या खड्ड्यात पुरायचा, एवढंच आमचं काम. दगड कुठला, शिरा झालाय. सिमेंट नक्की कुठेतरी जातंय. कालवतो भरमू एकटाच.

२१ जाने.
भरमूने घरापुढे ओटा घातलाय म्हणे. सिमेंट कुठून आलं? विचारलं तर म्हणाला, चिखलाचाच आहे. हसून म्हणाला. हसण्यासारखं काय होतं? घरची म्हणते, भेंडी मोडून घेता तशी माणसंही मोडून बघता तुम्ही. असेल.

२५ जाने.
नवा ठोकळा बादलीत बुडवून ठेवला होता. पाणी हिरवट, वर तेलाचा तवंग. म्हणजे विष पाण्यात उतरतंय. राग आवरला नाही. चारचौघांत भरमूला चोर म्हणालो. त्याने फावडं भिंतीला टेकवलं, हात धुतले, गेला. सात वर्षांचा सोबती. का गेला, हे साहेबांनी विचारलंही नाही.

१ फेब्रु.
या खेपेला स्वतः कालवलं. सिमेंट दुप्पट, पोत्यावरून नजर हलवली नाही. आज पाचवा दिवस, तसाच शिरा. मग गाळच हुंगला. डांबरतेल! हल्ली खांबांना तेही पाजतात, त्याच टाकीत. तेलकट गाळात सिमेंट धरणार कसं? म्हणजे भरमू...
साहेबांना सांगितलं. म्हणाले, "मुकादम, वर माती लोटा आणि गप्प बसा." म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून?

३ फेब्रु.
भरमूची माफी मागायला गेलो, मैलभर उन्हातून. ओटा चिखलाचाच. लाज वाटली, तरी नखाने खरवडून पाहिलाच. माफी मागितली. त्याच्या बायकोने गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. पाणी ओढ्याचं, आमच्या खड्ड्याच्या खालचं. गूळ खाल्ला. तहान नाही म्हणालो. घाम तर नुसता गळत होता.
भरमू म्हणाला, "मुकादम, चोर म्हनलासा ते सोसलं. आता आमच्या घरचं पानी बी चालंना व्हय?"
ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर उद्या मीही घरी. त्याच्या बायकोने तांब्या उचलला, वाया कशाला म्हणून स्वतःच प्याली. मी बघत राहिलो. हात धरायला हवा होता तिचा. निघालो तेव्हा भरमू दारापर्यंत आला नाही.