मामांचे चार वेढे

अमरावती,
१६ जानेवारी १९६८

श्री. रा. रा. हरिहरपंत वकील, मु. अकोला, यांस
चिंतामणाचा सा. न. वि. वि.

सोबत संक्रांतीचा तिळगूळ पाठवला आहे. तो खाऊन गोड बोलावं अशी प्रथा आहे. पण मेहुणे पडले वकील, तेव्हा सक्ती नाही.

तुमची कन्या चि. चारुशीला आमच्याकडे सुखरूप आहे. आमचं घर सुखरूप आहे की नाही, ते मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. बी.एस्सी.चा अभ्यास सांभाळून तिनं मधल्या खोलीत एक यंत्र मांडलं आहे. त्याला टेस्ला कॉइल म्हणतात. माझी काव्यतीर्थाची सनद ज्या पुठ्ठ्याच्या नळीत होती, तिच्यावर तिनं केसासारख्या बारीक तारेचे हजारभर वेढे गुंडाळलेत. सनद गादीखाली आहे. नळीच्या बुडाशी बाहेरून जाड तारेचे चार वेढे. मोटारीच्या बॅटरीची वीज या चार वेढ्यांतून सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करायची, म्हणजे वरच्या टोकाशी तिचा जोर इतका चढतो की जवळ नुसती धरलेली ट्यूबलाईट तारेवाचून पेटते. ही चालू-बंद एक ट्रान्झिस्टर करतो. आकारानं सुपारीएवढा, स्वभावानं तुमच्यासारखा, लगेच तापणारा. त्याला थंड ठेवायला म्हणून तिनं माझ्या संध्येच्या ताम्हणाला भोकं पाडून तो तिथं आवळून बसवला. मी हल्ली वाटीवर भागवतो.

परवा ट्यूबलाईटची नळी पहिल्यांदा पेटली, तेव्हा शेजारच्या भगवंतरावांच्या रेडिओत बातम्यांऐवजी रातकिडे बोलू लागले. आमच्या पार्बताबाईनं केरसुणी टाकली आणि जाहीर केलं, की पोरगी भूत पाळून राह्यली, मले त्या खोलीत काही पाठवू नका.

तुमची अट तिनं भिंतीला चिकटवली आहे. तुमच्या देखत, तारेचा स्पर्श नसताना नळी पेटली, तर एम.एस्सी.ला नागपूर, नाही तर चांदूर रेल्वेच्या केशवरावांचे चिरंजीव. तागडीच्या एका पारड्यात नळी आणि दुसऱ्यात नवरदेव, असा न्याय आमच्या स्मृतिग्रंथांत सापडला नाही. पोरगी वरून हसते, पण जेवताना पोळीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसते. रविवारी अवश्य या.

लोभ आहेच. तो तापू देऊ नये, ही विनंती.

आपला
चिंतामण

---

अकोला,
२२ जानेवारी १९६८

श्री. चिंतामणशास्त्री यांस
हरिहराचा सा. न. वि. वि.

पोहोचलो. काल तुमच्या मधल्या खोलीत मी वरातीत बत्ती धरणाऱ्या माणसासारखा ट्यूबलाईट घेऊन उभा होतो. हात भरून आला. नळी पेटली नाही. ताम्हण तेवढं असं तापलं, की त्यावर पापड भाजला असता.

चारूनं एकेक सांधा तपासला, बॅटरी बदलली, ट्रान्झिस्टरसुद्धा बदलला. डोळ्यांत पाणी आलं ते तेवढं पुसलं नाही. मला पाहवेना. तुमची बहीण सिंधू मला विचारते, पाहवत नव्हतं तर अट घातलीत काहून. पण अट ती अट. तुमच्या भाचीनं भिंतीवर चिकटवली, म्हणजे ती तिला मान्यही होती.

केशवराव मंडळी ४ फेब्रुवारीला, रविवारी, मुलगी बघायला येत आहेत. चारूला आदल्या दिवशी पाठवून द्यावं. मुलगा बँकेत आहे, निर्व्यसनी आहे, फारसा बोलत नाही. तुमच्या सहवासात वाढलेल्या मुलीला तेवढीच विश्रांती.

तिळगुळात खडा निघाला. दाढ दुखते आहे, तेव्हा गोड बोलणं तूर्त तहकूब. लोभ चालू आहे.

आपला
हरिहर

---

अमरावती,
२५ जानेवारी १९६८

श्री. हरिहरपंत यांस
चिंतामणाचा साष्टांग नमस्कार. नेहमीचा नव्हे, खरोखरच आडवा पडून घातलेला.

गुन्हेगार सापडला. तो हे पत्र लिहितो आहे.

शनिवारी संध्याकाळी चारू मामीबरोबर अंबादेवीला गेली होती. उद्या मुलीचे वडील येणार म्हणून मी खोलीतली धूळ झटकायला गेलो, तर बाहेरचे ते चार वेढे दिसले. अप्रदक्षिण! उजवीकडून डावीकडे! हरिहरपंत, असा फेरा आपण फक्त स्मशानात घालतो. पोरीचं भवितव्य ठरायचं आणि तिच्या यंत्रावर हे अशुभ? मी ते सोडले आणि सूर्याच्या गतीनं नीट गुंडाळून दिले. वर कुंकवाचं बोट लावलं. मुहूर्तही बघितला होता. तिला सांगितलं नाही, कारण शुभकृत्याचा डांगोरा पिटू नये.

मंगळवारी तिला ते कुंकू दिसलं. मी सगळं सांगितलं. तिनं मला झोपाळ्यावर बसवलं आणि झोपाळा मागे येत असताना उलटा धक्का दिला. झोपाळा जागच्या जागी थांबला, माझी कवळी थांबली नाही. म्हणाली, मामा, तुम्ही माझ्या कॉइलचं हेच केलंत. बाहेरच्या वेढ्यांचा धक्का आतल्या वेढ्यांच्या लयीत बसला नाही, तर वीज झुलतच नाही, नुसता ट्रान्झिस्टर भाजतो.

तरी मी हट्टाला पेटलो. या घरात उलटा फेरा पुन्हा घालू देणार नाही म्हणून बजावलं. तिनं वाद घातला नाही. तुमचे वेढे तुमच्यापाशीच राहू द्या, म्हणाली. माझे चार वेढे, माझं कुंकू, सगळं तसंच ठेवून तिनं फक्त तारेची दोन टोकं सोडली आणि याच्या जागी ते, त्याच्या जागी हे जोडलं, म्हणजे वेढे सुलटेच, वीज तेवढी उलटी फिरली. नळी पेटली. भगवंतराव रेडिओ बडवत ओसरीवर आले.

सबब, पुन्हा सुनावणी व्हावी. शिक्षा मला करा, पण पोरीला मामाच्या मुहूर्तापायी बोहल्यावर चढवू नका.

लोभाची मागणी करायला आज तोंड नाही. असेल तर राहू द्यावा.

अपराधी
चिंतामण

---

अकोला,
५ फेब्रुवारी १९६८

श्री. चिंतामणशास्त्री यांस
हरिहराचा सा. न. वि. वि.

तुमचा अर्ज मी फेटाळला होता, कारण पुरावा तुम्हीच फिरवलात आणि वर फेरतपासणीही तुम्हीच मागता. पुढचं ऐका.

चारू शनिवारी लोणच्याच्या बरण्यांच्या टोपलीत यंत्र घालून उतरली. मी बघून न बघितल्यासारखं केलं. काल केशवराव मंडळी आली. पोहे झाले. मुलीला गाणं येतं का, असं केशवरावांनी विचारलं. चारू म्हणाली, गाणं येत नाही, दिवा लावता येतो. साहजिकच सिंधू समईकडे निघाली. तोवर हिनं आमची जळून गेलेली, टाकून दिलेली ट्यूबलाईट केशवरावांच्या हातात दिली आणि आतून कॉइल चालू केली.

शास्त्रीबुवा, मेलेली नळी त्या गृहस्थाच्या मुठीत निळीजांभळी पेटली. आधी ते ओरडले. मग लहान पोरासारखे ती घेऊन मागे-पुढे होऊ लागले. जवळ आले की पेटे, लांब गेले की विझे. बायको खाली ठेवा म्हणून दटावत होती, पण ऐकतो कोण! चिरंजीव तेवढ्यात प्रथमच बोलले. लग्नानंतर हे सामान माहेरीच राहील ना, असं त्यांनी विचारलं. चारूनं शांतपणे सांगितलं, की हे बरोबर येईल, आणि त्याच्या आधी नागपूर येईल.

मंडळी कळवतो म्हणून गेली. आता काही कळवणार नाहीत. केशवराव एकटे पुन्हा यायचं म्हणतात, ते नळीसाठी.

माझा संताप झाला होता. तिला बोलवून खडसावायला बसलो, तर ती म्हणाली, बाबा, तुमची अट मी मोडली नाही. तिनं भिंतीवरून काढून आणलेला कागद पुढ्यात ठेवला. माझंच अक्षर, माझीच भाषा. माझ्या देखत पेटली तर नागपूर. कोणत्या तारखेपर्यंत, ते मी लिहिलंच नव्हतं! अशिलांना मुदतीशिवाय सही करू नका म्हणून बजावणारा मी. सिंधू पदरात तोंड घालून हसत होती.

मग मी स्वतः नळी हातात घेतली आणि पेटलेली बघितली. उगाच दोनदा बघितली.

तेव्हा तिला नागपूरच. तुमचे वेढे न सोडता तिनं टोकं बदलली, असं तुम्ही लिहिलंत. माझ्या अटीतलाही एक शब्द तिनं सोडला नाही. ताम्हणाची वाट बघू नका, ते नागपूरला जाणार. नवीन मी धाडतो.

लोभ असावा. कुठल्या दिशेनं असावा, ते चारूला विचारून.

आपला
हरिहर