मार्केटबाईंना घर पाहिजे

सांगली,
रविवार, दुपार

आदरणीय लालासाहेब दाजी यांना दादासोचा वाकून नमस्कार.

आपली तब्येत उत्तम असेल, यात मला शंका नाही. गुडघा आणि रक्तदाब दोघेही हुकमात असणार, कारण ज्यांच्या आवाजाने पलटणीतले रंगरूट ताठ उभे राहायचे त्यांच्यापुढे गुडघ्याची काय बिशाद. अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे हिच्याकडून कळलं. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. (माझं वजन वाढलंय, पण त्याला मी आजारात धरत नाही.) हे सगळं फोनवर विचारता आलं असतं; पण मी नमस्कार म्हणेपर्यंत अक्का आपल्या हातातून फोन घेते आणि पुढे माझी हजेरी सुरू होते. शिवाय काही गोष्टी अशा असतात, की ऐकणाऱ्याला मध्ये बोलता येणार नाही अशा बेतानेच त्या सांगाव्या लागतात. म्हणून कागद घेऊन बसलो.

तर दाजी, कुपवाडच्या ज्या कारखान्यात मी प्रशासन सांभाळतो (म्हणजे गेटपास, कँटीन, गणवेश आणि साहेबांचा राग), तिथे गिअर कापायचं एक नवं परदेशी मशीन आलं. आलं, पण कुणाचं ऐकेना. शेवटी ते बनवणाऱ्या चेक देशातल्या कंपनीने आपली एक अनुभवी इंजिनिअर बाई वर्षभरासाठी इकडे पाठवायचं ठरवलं. नाव मार्केता. वय माझ्याएवढं, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्यांचं ‘मार्केटबाई’ करून टाकलं, आणि सांगलीत मार्केट या शब्दाला केवढा मान आहे हे कुणीतरी समजावून सांगितल्यावर बाईंनाही ती बढतीच वाटली.

बाई येण्याआधी साहेबांनी मीटिंग घेतली. बाईंना हॉटेलात राहायचं नव्हतं. आपला आपण स्वयंपाक करता येईल असं साधं घर हवं होतं. उजेड असावा, वारा असावा, जमल्यास नदी दिसावी. कोण बघेल, असं साहेबांनी विचारलं. अशा वेळी शहाणा माणूस बुटाची नाडी बांधायला वाकतो. मी उभा राहिलो. सांगली माझ्या तळहातावर आहे, बाईंची बॅग विमानातून उतरायच्या आत घराची किल्ली तुमच्या टेबलावर असेल, असं बोलून बसलो. बाकी सगळे नाड्या बांधत होते, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. बाई आल्या, बॅग आली, किल्ली काही आली नाही. बाईंना कारखान्याच्या गेस्ट रूममध्ये उतरवावं लागलं. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर आहे. बाई रोज सकाळी लाल डोळ्यांनी येऊन मला ‘गुड मॉर्निंग, दादासो’ म्हणायच्या, आणि त्यातलं ‘गुड’ दिवसेंदिवस बारीक होत चाललं. साहेबांनी तर मला बोलवून सांगितलं, की बाई घराअभावी परत गेल्या तर ते मशीन चालवायला तुम्हालाच उभं करीन.

मी तात्याबा नावाचा एजंट धरला. हा गडी सकाळी मार्केट यार्डात हळदीची दलाली करतो आणि दुपारनंतर खोल्यांची, त्यामुळे खोलीबद्दलही तो हळदीसारखंच बोलतो. माल कोरडा आहे, रंग पक्का आहे, आज उचलला नाही तर उद्या मिळायचा नाही. त्याने पहिलं घर दाखवलं ते विश्रामबागेत, एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या बंगल्याचा मागचा भाग. घर छान होतं. मालकांनी एवढंच विचारलं, की बाई शाकाहारी आहेत का. आता इथे ‘विचारून सांगतो’ म्हणायला काय हरकत होती? पण आपला मेहुणा कसा आहे हे आपण जाणताच. मी म्हणालो, शाकाहारी तर आहेतच, पण कांदा-लसूणही त्यांना चालत नाही. (हे कुणी विचारलं नव्हतं.) मालकीणबाईंचा चेहरा उजळला तसा मला आणखी चेव आला, आणि बाई चतुर्थीसुद्धा धरतात असं मी सांगून टाकलं. योगायोगाने दुसऱ्या दिवशी चतुर्थीच होती. मालकीणबाईंनी बाईंना फराळाला बोलावलं. बाईंनी साबुदाण्याची खिचडी मनापासून खाल्ली, पुन्हा मागून घेतली, आणि कामगारांकडून शिकलेलं सगळं मराठी पणाला लावून म्हणाल्या, “लय भारी.” घरभर आनंद पसरला. त्या आनंदाने बाईंना हुरूप आला आणि त्या पुढे म्हणाल्या, “तांबडा रस्सा पण लय भारी. मटण, इथे, कुठे?” मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिचडीतले शेंगदाणे पाहत होतो.

दुसरं घर गावभागात, नदीजवळ, वरच्या मजल्यावर. खिडकीतून कृष्णामाई दिसत होती, वारा येत होता, आणि भाडेकरू काय खाणार याची मालकाला पर्वा नव्हती. तात्याबाने मला जिन्यातच बाजूला घेऊन सांगितलं, “सायेब, आत भिताडावर एक रेघ हाय. बाईंचं ध्यान तिकडं जाऊ देऊ नगा.” मी आत गेलो. रेघ चारही भिंतींवर होती. महापुराचं पाणी जिथवर येऊन थांबलं होतं तिथे, माझ्या कानाच्या उंचीवर, तपकिरी, रंगाच्या हातावर हात देऊनही वर येणारी. तात्याबाने तिच्यावर एक कॅलेंडर लावलं होतं. पण कॅलेंडर एक आणि भिंती चार. बाईंनी विचारलं, ही काय आहे? मी इंग्रजीत सांगितलं, की ही आमच्याकडची नक्षी आहे, जुन्या घरांना असा काठ काढतात. बाईंनी पिशवीतून लेव्हल काढली (मशीन समपातळीत बसलंय का ते बघायची ती बुडबुड्याची पट्टी, त्यांच्याजवळ ती नेहमी असते, जशी अक्काजवळ अमृतांजनाची बाटली) आणि रेघेला लावली. बुडबुडा बरोबर मध्ये उभा राहिला. दुसऱ्या भिंतीवरही तसाच. मग त्या शांतपणे म्हणाल्या, की मिस्टर दादासो, जगातला कुठलाही रंगारी इतकी सरळ रेघ काढत नाही, फक्त पाणी काढतं. जिना उतरताना तात्याबा माझ्यावरच उखडला. त्याच्या मते चूक माझी होती, मी काठ म्हणायच्या ऐवजी देवीचा पट्टा म्हणायला हवं होतं.

त्यानंतरच्या घरांचं सांगत नाही. एकाने परदेशी माणसाची पोलिसांकडे नोंद करावी लागते हे ऐकून गेट लावून घेतलं. दुसऱ्या घराची शांतता बाईंना फार आवडली. शेजारी मंगल कार्यालय आहे आणि आज मुहूर्त नाही, एवढंच माझं सांगायचं राहिलं होतं, तेवढ्यात आतून बँडवाल्यांनी सराव सुरू केला. दरम्यान माझ्यात एक मोठा बदल झाला होता, दाजी. मी समाजावर बोलू लागलो होतो. कँटीनमध्ये, चहाच्या गाड्यावर, रोज घरी जेवताना मी सांगत होतो, की आपली माणसं कोत्या मनाची, घरं रिकामी ठेवतील, पण परक्याला आसरा देणार नाहीत. ही निमूट वाढत असायची.

शेवटी वारणालीत एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. त्यांना एकटी बाई नको होती. कोण येणार, कोण जाणार, कुणी लक्ष ठेवायचं, असं त्यांचं सुरू झालं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, की मॅडम, मार्केता मला बहिणीसारख्या आहेत, त्यांची जबाबदारी माझी.

“बहिणीसारख्या हायेत?” त्यांनी विचारलं.

“अगदी सख्ख्या.”

“मग आवं, घरातच ठेवा की. तुमच्या मंडळी आमच्या भजनात येत्यात. वरला मजला बंदच असतोय म्हणून सांगत हुत्या.”

माझ्या हातात गाडीची किल्ली होती आणि मी खिशात गाडीची किल्ली शोधत होतो. तो मजला आमच्या लेकाचा, ऋषिराजचा आहे, तो परत आला की त्याला लागेल, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, व्हय, मलापण माझ्या लेकासाठीच ठेवायचाय. आणि दार लावून घेतलं.

घरी आलो तर ऋषिराजचा हॉलंडहून फोन. पोराला नोकरी लागून बरेच दिवस झाले तरी घर मिळत नव्हतं. मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपत होता. त्या दिवशी एक खोली ठरत आली होती, तर मालकिणीने विचारलं म्हणे, की तुम्ही भारतीय लोक ते तेलात काहीतरी तडतडवता, तसं तुम्ही करता का? पोरगं खरं बोललं. खोली गेली. हे सांगताना तो हसत होता, पण मधेच म्हणाला, “पप्पा, दमलोय हो जरा.” आपला पोरगा लहानपणी पडला, झडला, पण दमलो असं कधी म्हणाला नव्हता. फोन ठेवल्यावर मी फार तापलो. फोडणीवरून माणसाला नाकारतात, ही कसली माणसं, चांगल्या घरच्या पोराला कुणी एक खोली देऊ नये, असं मी बोलत सुटलो. ही भाकरी थापत होती. तिने हात धुतले, आत गेली, आणि वरच्या मजल्याची किल्ली आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

“वर जाऊन इचारून या,” ती म्हणाली, “कसली माणसं ऱ्हात्यात इथं.”

दाजी, मी ताट तसंच ठेवून किल्ली उचलली आणि वर गेलो. ऋषिराजसाठी सजवून ठेवलाय म्हणून ज्या मजल्याचं मी गावभर सांगायचो, तिथे काय होतं सांगू? मोडका कूलर, पापडांचे डबे, मी निवडणुकीला उभा राहायचं म्हणत होतो तेव्हाचे फ्लेक्स, आणि पोराचा पलंग, ज्याच्या गादीवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. ते प्लॅस्टिक मी माझ्या हाताने काढलं. काढताना जरा वेळ लागला, धूळ फार होती, डोळ्यांत गेली.

दुसऱ्या दिवशी मार्केटबाई राहायला आल्या. आता त्या येऊन महिना होऊन गेला. हिला इंग्रजी येत नाही, बाईंचं मराठी मटणापाशी थांबतं, तरी दोघी गच्चीवर संध्याकाळभर बोलत बसतात आणि मी वर गेलो की गप्प होतात. पाण्याची टाकी बघायला मी दिवसातून दोन-चारदा वर जात होतो, घरमालक म्हणून. एकदा बाईंनी काळजीने विचारलं, टाकी आजारी आहे का? तेव्हापासून जात नाही. मी भाडेकरूंसाठी नियम केले होते; त्यातला एकही आता उरलेला नाही, उलट सकाळी स्कूटर घराबाहेर ढकलत नेऊन मगच चालू करायची, हा नियम मला लागू झाला आहे. बाई रविवारी कसलंसं कोबीचं आंबट करतात, त्याचा वास खालपर्यंत येतो. पहिल्या रविवारी मी नाक धरलं होतं. हिने नुसतं पाहिलं, मी हात खाली घेतला. आणि हो, ऋषिराजला घर मिळालं. एका निवृत्त बसड्रायव्हरने त्याला माडीवरची खोली दिली. फोडणीला परवानगी आहे, फक्त खिडकी उघडी ठेवायची. ते आजोबा म्हणे फोडणी पडली की वाडगा घेऊनच येतात.

कारखान्यातलं मशीन आता ऐकायला लागलं आहे. मी घरात कुणाचं ऐकत नाही असा माझा जुना लौकिक होता, तोही आता दुरुस्त झाल्याचं ही सांगते.

आपण प्रकृतीला जपावं. अक्काला साष्टांग नमस्कार.

आपला,
दादासो

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. गेल्या मे महिन्यात पुतण्याच्या लग्नात, भर पंगतीत, आपल्या प्रांजलला सांगलीत नोकरी लागली की मामाच्या घराचा वरचा मजला तिचाच, असं मी आपल्याला बोललो होतो. ती पुढच्या महिन्यात इथल्या कॉलेजात रुजू होणार असल्याचं कळलं. अभिनंदन. वरच्या मजल्याचं काय झालं ते आपण वर वाचलंच आहे. आपण लष्करी माणूस, परिस्थिती जाणता. एवढंच, की अक्काला हे आपण सांगावं. माझ्याच्याने होणार नाही.

दुसरा ता. क. हे पत्र हिने वाचलं. हसली. प्रांजल आणि मार्केटबाई दोघी मिळून वर राहणार, हे हिचं आणि अक्काचं कधीच ठरलं आहे. बाईंनी प्रांजलशी व्हिडिओवर बोलून खिडकीकडची खोलीही देऊ केली. आपल्यालाही हे सगळं माहीत आहे म्हणे. म्हणजे माहीत नसलेला मी एकटाच होतो. तरी पत्र लिहून झालंच आहे, म्हणून पाठवतो.

तिसरा ता. क. (हे ही बाहेर गेली असताना लिहितो आहे.) दिवाळीत ऋषिराज येतोय. तो खालच्या आमच्या खोलीत झोपणार, ही अक्काबरोबर हॉलमध्ये, कारण अक्काही येते आहे. मी कुठे झोपायचं, याचा विचार अजून कुणीच केलेला नाही. साताऱ्यात आपण तेव्हा घरी एकटेच असाल. एखादी खोली रिकामी असेल तर कळवावं. टाकीकडे मी लक्ष देईन.